लोखंडाचा कीस

सुटे मणी विकायला आले. घडापासून गळालेली, पेटीत कुणी भरणार नाही अशी द्राक्षं हातगाडीवर ढीग करून ठेवतात. वर ओलं फडकं आणि फडक्यावर मधमाश्या. नाशकातल्या आमच्या सातपूरच्या चौकात हा ढीग लागला की समजायचं, फाल्गुन आला, पोरांच्या परीक्षा आल्या, आणि माझ्या तोंडाची चव गेली. लोकांना या दिवसांचं भारी कौतुक. दुपारी वारा तापतो पण सावलीत अजून बरं वाटतं, क्रेट भरलेले टेम्पो रस्त्यानं जातात आणि मागं गोड वास सोडून जातात. तो वास मलाही येतो. पण त्याच्या पोटात मला दुसरा एक वास येतो, जळक्या तारेचा, आणि मग मी गाडीवाल्याला म्हणतो, पुढं हो बाबा.

सूनबाई शेजारणीला सांगते, अण्णांना द्राक्षं बाधतात. बाधतात म्हणू दे.

मी चांदवडकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागं गेली. सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि फिटर म्हणून बाहेर पडलो, आणि मधल्या पस्तीस वर्षांत माझ्या हातचा एकही जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, माघारी आला नाही. हे मी फुशारकीनं सांगतो. ज्याला फुशारकी खपत नसेल त्यानं कानस धरून दाखवावी.

फिटर म्हणजे काय ते आता कुणाला कळत नाही. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे, की ढकलले तर जावेत आणि सोडले तर हलू नयेत. मशीनला जे जमत नाही ते शेवटचं केसाएवढं काम कानशीनं करायचं. पुढं नेताना दाबायची, मागं आणताना उचलायची. नव्या माणसाची कानस किंचाळते, जुन्याची गुणगुणते. खाली कीस पडत राहतो, राखाडी, मऊ, नाचणीच्या पिठासारखा. तो हातानं झाडायचा नाही, बोटात शिरतो. फुंकर मारायची. दिवसातून इतक्या वेळा मारायची की घरी जेवायला बसलं तरी आपण ताटातल्या भातावर फुंकर मारतो आणि बायको म्हणते, अहो, गारच आहे तो.

दोन तुकडे फार घट्ट बसवले तर तापल्यावर जाम होतात, म्हणून मध्ये थोडी फट ठेवायची असते. हे लोखंडाच्या बाबतीत मला पाठ होतं.

मला शिकवलं ते एका फोरमननं. जॉब तयार झाला की तो खिडकीशी न्यायचा, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरायचा आणि एक डोळा मिटायचा. पट्टीखालून उजेड दिसला की तीच पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर. शब्द एक नाही. थंडीच्या दिवसांत ती पट्टी अशी लागायची की घास उचलता येत नसे. मी मार खाऊन शिकलो, म्हणून मला वाटायचं शिकायला मारच लागतो. दिलीपला, माझ्या एकुलत्या एका पोराला, मी सुट्टीत अंगणात व्हाइस, म्हणजे लोखंड धरून ठेवणारा शिकंजा, बांधून दिला, लोखंडाचा ठोकळा दिला आणि सांगितलं, सपाट कर. त्याच्या वयाची पोरं गोट्या खेळायची, हा ठोकळा घासायचा. उन्हं कलली की मी ठोकळा उजेडाला धरायचो. उजेड दिसला की पट्टी.

एक गोष्ट इथंच लिहून टाकतो, पुढं हिंमत होईल न होईल. तेराव्या वर्षी त्यानं माझ्या हातात एक ठोकळा ठेवला, त्याच्यावरच्या पट्टीखालून उजेड दिसेना. मी आडवी धरली, उभी धरली, कोपऱ्यातून कोपऱ्यात धरली. कुठंच नाही. माझा स्वतःचा ठोकळा इतका सपाट कधी झाला नव्हता. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी म्हणालो, ‘बाजू वाकडी हाय,’ आणि पट्टी मारली.

त्याच सुमाराला, नव्वदच्या पुढची ती वर्षं, चौकात पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. लाकडी कपाटासारखी चार मशीनं, समोर काच, काचेत मारामाऱ्या आणि मोटारी. आत पंखा नव्हता. घामाचा, खोबरेल तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास बाहेर रस्त्यापर्यंत यायचा. दहावीची परीक्षा तोंडावर असताना दिलीप तिथं सापडला. मी त्याचा कान धरला आणि भर दुपारी चौकातून घरापर्यंत तसाच आणला. सरळ आणला नाही, वाटेत मुद्दाम थांबत आणला. पिठाच्या गिरणीपाशी थांबलो, किराणावाल्यापाशी थांबलो.

‘बघा, ह्यो आमचा विंजिनेर!’

दळणाला आलेल्या बायका हसल्या. कान लाल झाला, मग जांभळा झाला. पोरगं रडलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणालं, ‘अण्णा, शेवटचा डाव होता. तेवढा संपू द्यायचा होता.’

मला ते उर्मट वाटलं आणि मी दुसरा कान धरला.

पुढं तो डिप्लोमाला गेला तेव्हा त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला. पांढरा उभा डबा, पुढं जड काचेचा पडदा. डिप्लोमाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. डबाही राहिला. शतक पालटलं, लोकांकडं काळे, चकचकीत कॉम्प्युटर आले आणि आमचा पांढरा डबा म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळा पडला. मी म्हणायचो, भंगारात दे. दिलीप म्हणायचा, ‘अण्णा, जुने खेळ नव्या मशीनवर नीट चालत नाहीत. इतके पळतात की गाडी दिसायच्या आत आपटते. त्यांना त्यांच्या वयाचं मशीन लागतं.’

‘तुला तुझ्या वयाचं काम लागतं,’ मी म्हणायचो.

तेव्हा तो सव्वीस-सत्तावीसचा. हाताला काम नाही, आणि स्थळ विचारायला आलेला माणूस चहा पिऊन निघून जायचा. पण त्याच्या डोक्यात एक बेत होता. पत्र्याच्या शेडमध्ये कान धरून घेतलेली ती पोरं आता नोकऱ्यांना लागली होती, आणि त्यांना तेच खेळ पुन्हा हवे होते. त्यांच्यासाठी जुनी मशीनं दुरुस्त करायची, त्यांच्यात चांगलं चित्र दाखवणारं कार्ड बसवून द्यायचं, असं दुकान काढायचं. त्याचा मित्र कैलास भागीदार व्हायला तयार होता. कैलासच्या मामाचा शरणपूर रोडला रिकामा गाळा होता. मामाची एकच अट होती. आधी एक मशीन पुरं चालवून दाखवा, मग चावी देतो. ते एक मशीन म्हणजे आमचा पिवळा डबा. दिलीपचं सगळं त्या डब्यावर होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायची मला सोय नाही.

कार्ड त्यानं महिनाभर शोधलं. नवं कार्ड त्या डब्यात बसत नव्हतं, त्याची खाच वेगळी. शेवटी कैलासनं मुंबईच्या जुन्या बाजारातून पैदा केलं. हिरवी पाटी, खालच्या कडेला सोनेरी दात, मागच्या अंगाला पत्र्याची वाकवलेली पट्टी. दिलीप ते दोन बोटांनी कडेला धरायचा, जणू चिमणीचं पिलू. ‘अण्णा, हे बसलं ना, की पाण्यात डोंगराची सावली दिसेल.’ त्याच्या मोटारींच्या शर्यतीत तोपर्यंत डोंगर म्हणजे फाटकी खोकी होती आणि पाणी म्हणजे निळा पत्रा.

‘सावली बघायची तर गंगेवर, गोदाघाटावर जा,’ मी म्हणालो, ‘तिथं बिनकार्डाची दिसती.’

तो हसला. तेव्हा तो माझ्या बोलण्यावर हसायचा. त्याला वाटायचं मी गंमत करतो.

मग रंगपंचमी आली. नाशकात धुळवडीला रंग खेळत नाहीत, पंचमीला खेळतात, आणि जुन्या गावात त्या दिवशी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर मातीखाली बुजवलेला असतो, त्या एका दिवसापुरता उकरतात आणि रंगानं भरतात. पोरं त्यात अंग टाकून देतात, आणि तो रंग चार-चार दिवस कानामागून जात नाही. दिलीप आणि कैलास रहाडीवर जाणार होते, चार वाजता परत येऊन मशीन चालू करणार होते, आणि चाललं की त्याच पावली मामाकडं जाणार होते.

सकाळी जायच्या आधी दिलीपनं डबा आडवा पाडून, उघडून, कार्ड खाचेत बसवून पाहिलं. पत्र्याची पट्टी डब्याच्या कडेला अडत होती. स्क्रूचं भोक भोकावर येईना, कार्ड एका अंगानं वर राही. त्यानं जोर केला नाही. कार्ड तसंच टेकवून ठेवलं आणि मला म्हणाला, ‘अण्णा, हात नका लावू हं. आल्यावर बाहेर काढून नीट करतो.’

हात नका लावू. मला.

दुपारी घरातली मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती. गल्ली रिकामी होती, लांबून ढोल ऐकू येत होता. मी पाट घेऊन डब्यापुढं बसलो. केसाचा फरक होता. कार्ड बाहेर काढून पट्टी सोडवायची, तर तिचे स्क्रू मुंगीएवढे. चष्म्याशिवाय ते मला दिसत नव्हते, आणि चष्मा लावायचा मला कमीपणा वाटायचा. म्हणून मी बारीक कानस आणली आणि कार्ड होतं तिथंच, डब्याच्या आतच, पट्टीची कड घासली. कानस गुणगुणली. कारखाना सुटून वर्ष झालं होतं, तरी हात विसरला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी थोडं जास्तच घासलं, आवाजासाठी. मग सवयीनं फुंकर मारली. एकदा, दोनदा. कीस उडाला, आणि उडाला म्हणजे गेला असं मी धरलं. कारखान्यात तो जमिनीवर जायचा. इथं खाली जमीन नव्हती. खाली कार्डाची ती हिरवी पाटी होती, शंभर पायांच्या काळ्या किड्यांसारख्या चिपांनी भरलेली, आणि कीस जाऊन त्यांच्या पायांत बसला, जिथनं वीज जाते तिथंच.

कार्ड दाबलं. गेलं. भोकावर भोक. जॉब बसला की बोटाला कळतं, कानाला सांगावं लागत नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मी कार्ड पुन्हा उचकटून सकाळी होतं तसं टेकवलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. का? कारण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो दाबणार, ते बसणार, त्याला आश्चर्य वाटणार. पडद्यावर चित्र आलं की कैलासच्या देखत मी सांगणार, चौथी शिकलेल्या बापानं बसवलं म्हणून.

दोघं आले ते डोक्यापासून पायापर्यंत केशरी. अंगातून पाणी ठिबकत होतं.

‘अण्णा, यंदा रहाडीत यायचं होतं तुम्ही,’ कैलास म्हणाला. ‘एका उडीत दहा वर्षं कमी झाली असती.’

‘तुझ्या मामाला टाक तिच्यात. गाळा तरी लौकर देईल.’

बायकोनं दिलीपला टॉवेल दिला. त्यानं हात पुसले, डब्यापुढं मांडी घातली आणि कार्ड दाबलं.

‘बसलं! कैलास, बसलं रे! सकाळी कसं अडत होतं!’

त्यानं स्क्रू पिळला, बटण दाबलं. आतला पंखा फिरला. माझ्या फुंकरीनं राहिलं होतं ते त्या पंख्यानं केलं असणार, कीस अजून आत ढकलला असणार. पण आधी चित्र आलं. डोंगर आला, खाली पाणी आलं, आणि पाण्यात डोंगर उलटा, हलता, खरा. मी ओट्यावरून उठून दारात आलो होतो. मला ते आवडलं, हे कबूल करतो. मी सांगायला तोंड उघडलं.

दोन मणी चावून होतील एवढाच वेळ. मग चट् झालं, पडद्यावर रेघा आल्या, वास आला आणि डब्यातून धुराची एक बारीक दोरी वर आली. दिलीपनं वायर ओढून काढली. तो आणि कैलास दोघंही आत वाकून बघत राहिले. पाटीवर एके ठिकाणी काळा फोड आला होता.

‘दिल्या,’ कैलास म्हणाला, ‘हात पुसले होते ना रे?’

‘पुसले होते.’ मग आपल्या केशरी हातांकडं बघून, ‘बहुतेक.’

‘बहुतेक म्हणजे? थेट रहाडीतनं आलास.’

‘पुसले होते रे. का तिरकं दाबलं मी? सकाळी अडत होतं, आता एकदम गेलं. जोर जास्त लागला का माझा?’

माझं तोंड उघडंच होतं. त्यात एक वाक्य तयार होतं, फक्त आता ते उलटं बोलावं लागणार होतं. पोरगं मान वर करून माझ्याकडं बघत होतं, तेरा वर्षांचं असताना बघितलं होतं तसं. मी म्हणालो, ‘मला ठाऊकच होतं. यश नाय तुझ्या हाताला. ज्याला हात लावशील त्याची माती.’

कैलासनं खाली बघितलं. दिलीपनं कार्ड काढलं, कागदात गुंडाळलं, मग कागद उघडून पुन्हा बघितलं. मामाकडं कुणी गेलं नाही.

संध्याकाळी बायको माझ्या बनियनकडं बघत म्हणाली, ‘अहो, हे चमचमतंय काय? सणाच्या दिवशी कानस कुठं चालवली?’

‘तू तुझे पापड बघ,’ मी म्हणालो.

तिनं बनियन काढून घेतली आणि धुतली. पोराला ती काही बोलली नाही. मला भ्यायली, की माझी लाज राखली, हे तिला विचारायचं राहिलं. ती जाऊन आता पुष्कळ दिवस झाले.

कैलासनं तो गाळा दुसऱ्या कुणाबरोबर घेतला. पुढं तिथं मोबाइलदुरुस्ती सुरू झाली, बरी चालते म्हणे. आमचा डबा भंगारवाल्यानं नेला, कार्डही त्याच पोत्यात गेलं. दिलीप पिंपळगावकडं द्राक्षांच्या शीतगृहात लागला. फाटकावर बसून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. हंगामात तर मान वर करायला फुरसत नसते. तिथं सगळं यंत्रांवर चालतं, त्यांतल्या एकालाही तो हात लावत नाही. घरी मिक्सर बंद पडला तर वायरमनला बोलावतो. बल्ब गेला तर सूनबाई स्टुलावर चढते आणि हा खालून स्टूल धरतो. कुणी विचारलं तर हसून सांगतो, ‘माझ्या हाताला यश नाही.’ कुरकुर नाही, राग नाही. आपलं गाव सांगावं तसं सांगतो. मी एकदा बोललो, त्यानं ते जन्माचं धरलं.

आणि तो हात कसा होता, ते जगात मला एकट्याला माहीत आहे. ज्याच्या ठोकळ्यावर धरलेल्या पट्टीखालून उजेड जात नव्हता तो हात आता वहीत गाड्यांचे नंबर उतरवतो. दर फाल्गुनात वाटायचं, यंदा सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग. खरं म्हणजे मी भीत होतो. त्याच्या रागाला नाही. सांगितल्यावर माझ्याकडं काय उरलं असतं? पस्तीस वर्षांत माघारी न आलेले जॉब, एवढीच माझी इस्टेट.

गेल्या रविवारी दिलीप पिशवीभर सुटे मणी घेऊन आला. ‘अण्णा, खाऊन बघा, औषधाचे नाहीत,’ म्हणाला आणि ओट्यावर शेजारी बसला. समोरच्या घरातली पोरगी पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालत पाठ करत होती. मी एक मणी घेतला आणि खाल्ला नाही.

‘दिलीप, ते कार्ड मी जाळलं.’

‘कुठलं कार्ड?’

‘रंगपंचमीचं. तुम्ही रहाडीवर गेल्यावर मी पट्टी घासली. डब्यातच घासली. कीस आत पडला. तुझ्या हाताचा काय संबंध नव्हता.’

तो हसला. मायेनं हसला.

‘कशाला अण्णा आता? मी कधीच विसरलो ते.’

‘तू विसर. जाळलं मी.’

‘तुम्ही घासलं असतं तर ते मशीन आजही चाललं असतं. तुमचं काम मी बघितलं नाही का? लहानपणापासून बघतोय. ओल्या हातानं दाबलं मी, आणि तेही तिरकं.’

‘अरे, मी घासली म्हणून तर सकाळी अडलेली दुपारी बसली!’

‘जोर केला म्हणून बसली. माझ्या समाधानासाठी खोटं बोलायला लागले होय तुम्ही? तुम्ही?’

‘खोटं नाय बोलत! आईला विचार तुझ्या...’ म्हणालो आणि थांबलो.

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘बरं. तुम्ही जाळलं. झालं ना?’ आणि उठून आत गेला. माझे कान अजून शाबूत आहेत. तो सूनबाईला हळूच म्हणत होता, ‘अण्णांना ऊन लागलंय बहुतेक. काहीतरी भलतंच बोलतायत. लिंबूपाणी कर.’

लिंबूपाणी आलं. मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा ऐकून घेतलं, आणि आता सूनबाई मला दुपारी ओट्यावर बसू देत नाही.

म्हणून हे एकेक अक्षर जुळवत लिहिलं, चार दिवस लागले. कुणी छापलं तर दिलीप वाचेल. शीतगृहाच्या फाटकावर ड्रायव्हर लोकांना दाखवील. म्हणेल, ‘बघा, माझं मन राखायला आमच्या अण्णांनी या वयात काय काय रचलंय.’